बदली वादक घेऊन अल्बम करताना

संचातला नेहमीचा वादक उपलब्ध नसताना ठरावीक कामापुरता जो दुसरा वादक घेतला जातो, तो बदली वादक. कार्यक्रमात अशी बदली नेहमीची असते. बीड जिल्ह्यात तर ती वर्षाच्या चक्रातच बसलेली आहे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतल्या कितीतरी घरांतला हलगीवाला किंवा ढोलकीवाला या काळात फडावर असतो. बीड-अंबाजोगाईच्या महाविद्यालयांत जमलेल्या रॉक बँडची अडचण थोडी वेगळी आहे. तिथे बेस गिटार वाजवणारा पुण्यात नोकरीला लागतो, ड्रमर भरतीच्या तयारीला बसतो आणि युवक महोत्सवात गाजलेली गाणी मुद्रित करायची वेळ येते तेव्हा पाचांपैकी तीनच जण हाताशी असतात.

स्टुडिओची तारीख घेतल्यावर बदली वादक मिळतोही. गोंधळ त्यानंतर सुरू होतो. त्याला बिदागी द्यायची की वाटा? गाण्यावर नाव कुणाचे लावायचे? जुना सदस्य परत आला तर काय? उद्या गाणे चालले आणि बदली वादकाने हक्क सांगितला तर? संच चालवणाऱ्यांचे हे नेहमीचे प्रश्न आहेत. ते बहुतेक वेळा गाणे यूट्यूबवर चढल्यावर विचारले जातात आणि तोवर उशीर झालेला असतो. बदली वादक संचात तात्पुरता असतो, पण ध्वनिमुद्रणात कायमचा असतो. म्हणून कार्यक्रमाची बदली आणि मुद्रणाची बदली वेगळी धरावी. पुढील माहिती रॉक बँडला लागू आहे, तशीच बँजो पार्टी, ऑर्केस्ट्रा, भीमगीतांचा संच आणि भजनी मंडळालाही लागू आहे.

बदली खरोखर हवी का?

वादक गेला म्हणून लगेच दुसरा शोधण्याआधी तीन पर्याय तपासावेत.

पहिला पर्याय क्रम बदलण्याचा. अल्बमची सगळी वाद्ये एकाच दिवशी मुद्रित करण्याची गरज नसते. ताल आधी, मग बेस, गिटार, कीबोर्ड आणि शेवटी आवाज, हा प्रचलित क्रम आहे. ढोलकीवाला किंवा ड्रमर दिवाळीनंतर जाणार हे सप्टेंबरातच माहीत असते. तेव्हा तालाचे मुद्रण टोळी निघण्याआधी उरकून घ्यावे, बाकीची गाडी हिवाळ्यात चालू ठेवता येते. त्यासाठी गाण्याची लय आणि रचना मात्र आधी पक्की हवी.

दुसरा पर्याय दुरून वाजवण्याचा. पुण्यात असलेला गिटारवाला तिथल्या एखाद्या स्टुडिओत किंवा घरीच आपला भाग मुद्रित करून फाइल पाठवू शकतो. फाइल वेव्ह स्वरूपात, २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ अशी ठरवून घ्यावी आणि सर्वांनी तेच माप पाळावे. व्हॉट्सॲपवरून ऑडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाऊन दर्जा उतरू शकतो. ती ड्राइव्हवरून पाठवावी. ऊसफडावरच्या वादकाला हा मार्ग बंद असतो. पहाटेपासून चालणाऱ्या तोडणीनंतर त्याच्याकडून वादनाची अपेक्षा करणेही योग्य नाही.

तिसरा पर्याय थांबण्याचा. हा पर्याय फार कमी संच निवडतात. गाण्याची ओळखच जर त्या वादकाच्या हातात असेल, हलगीचा तो विशिष्ट ठेका दुसऱ्याला येतच नसेल, तर चार महिने थांबणे शहाणपणाचे असते. स्टुडिओची तारीख बदलता येते, मुद्रित झालेले फिके वादन बदलता येत नाही.

या तिन्हींत जमत नसेल तरच बदली घ्यावी.

बदली कोणत्या प्रकारची, हे आधी ठरवा

एकाच माणसाला संच ‘पाहुणा’ समजतो आणि तो स्वतःला ‘सदस्य’ समजतो, हे बहुतेक भांडणांचे मूळ आहे. म्हणून येणाऱ्या वादकाला पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे की तो पुढीलपैकी कोण आहे:

- कामापुरता वादक: दिलेली गाणी वाजवणार, ठरलेली रक्कम घेणार. संचाच्या निर्णयांत त्याचा सहभाग नाही.
- पाहुणा वादक: एखाद्या गाण्यापुरता, त्याच्या नावाच्या मानासह.
- अजमावणीवरचा सदस्य: हा अल्बम झाल्यावर त्याला संचात घ्यायचे की नाही हे ठरणार. कधी ठरणार, ती तारीखही सांगावी.

मेटालिका या अमेरिकी बँडचे उदाहरण इथे उपयोगी आहे. त्यांचा बेसवादक जेसन न्यूस्टेड जानेवारी २००१ मध्ये बाहेर पडला. पुढच्या अल्बमवर बेस वाजवला तो त्यांचा निर्माता बॉब रॉक याने. मुद्रण संपत आल्यावर, २००३ च्या फेब्रुवारीत, रॉबर्ट त्रुहियो नवा सदस्य म्हणून आला. जूनमध्ये ‘सेंट अँगर’ प्रसिद्ध झाला तेव्हा सदस्य म्हणून त्रुहियो होता, पण अल्बमवर बेसचे श्रेय बॉब रॉकचे होते. ज्याने वाजवले त्याचे नाव वादनाला आणि जो सदस्य आहे त्याचे नाव संचाला, असा हिशोब त्यांनी सरळ ठेवला.

सदस्य म्हणून घेतलेल्या नव्या माणसांचे उदाहरण मुंबईचे आहे. १९८४ मध्ये सुरू झालेला ‘रॉक मशीन’ हा बँड १९९३ मध्ये ‘इंडस क्रीड’ झाला, १९९७ मध्ये थांबला आणि २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला. २०१२ च्या ‘इव्हॉल्व्ह’ या अल्बमवर बेस आणि ड्रम ही दोन्ही वाद्ये नव्या वादकांनी वाजवली, आणि ते बँडचे सदस्य म्हणूनच आले होते. बदली वादकाला सदस्य करण्यात काहीच वावगे नाही. ते उघडपणे ठरवून झाले पाहिजे, एवढेच.

गेलेल्या सदस्याशी बोलणे

त्याला न कळवता त्याच्या जागी दुसरा आणणे हा संच मोडण्याचा सर्वांत जवळचा रस्ता आहे. गावातल्या संचात वादक बहुतेक भावकीतले, गल्लीतले, एकाच तालमीतले असतात. ऊसफडावर असलेल्या माणसाला ही बातमी दुसऱ्याकडून कळली तर ती जिव्हारी लागते. फोन करावा आणि बोलणे झाल्यावर तेच मुद्दे संदेशात लिहून पाठवावेत. कोणती गाणी होणार, त्याच्या जागी कोण वाजवणार, त्याचे नाव आणि वाटा कसा राहणार, हे त्यात हवे. त्याचे ‘ठीक आहे’ असे उत्तर जपून ठेवावे.

इथे एक फरक समजून घेणे गरजेचे आहे. गाण्याची चाल बांधणे वेगळे आणि ते वाजवणे वेगळे. गेलेल्या गिटारवाल्याने गाण्याची सुरुवातीची ओळख स्वतः रचली असेल आणि आता तीच दुसरा वाजवणार असेल, तर वादन बदली वादकाचे होईल, पण रचना जुन्याचीच राहील. भारतीय कायद्यात संगीतकार म्हणजे ज्याने संगीत रचले तो. त्याने ते कागदावर लिहिलेले असो वा नसो. तेव्हा संच सोडलेल्या माणसाच्याही रचनेचे नाव आणि उत्पन्नातला वाटा त्याचा त्यालाच जातो.

रचनेचा वाद किती लांब जाऊ शकतो, हे ‘प्रोकोल हॅरम’ या इंग्लिश बँडच्या खटल्यात दिसले. ‘अ व्हायटर शेड ऑफ पेल’ हे त्यांचे गाणे १९६७ चे. त्यातला ऑर्गनचा प्रसिद्ध भाग मॅथ्यू फिशरचा होता, पण संगीतकार म्हणून त्याचे नाव नव्हते. त्याने २००५ मध्ये दावा केला आणि जुलै २००९ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याचा संगीतातला ४० टक्के वाटा कायम ठेवला. फिशर बदली वादक नव्हता, सदस्य होता, आणि तो कायदाही तिकडचा. तरी जुन्या-नव्या दोन्ही वादकांच्या बाबतीत ‘हे सूर कुणी रचले’ हा प्रश्न तालमीतच सोडवावा आणि प्रत्येक गाण्यापुढे नावे लिहून ठेवावीत. बदली वादकाने तालमीत नवा तुकडा सुचवला आणि तो गाण्यात राहिला, तर त्याच दिवशी नोंद करावी. नंतर कुणाला नेमके आठवत नाही.

बदली वादकाचे कायदेशीर हक्क

‘पैसे दिले, विषय संपला’ ही समजूत चुकीची आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये ‘प्रयोगकर्ता’ या व्याख्येत वादकाचा समावेश आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्याचे हक्क अधिक बळकट केले. संचाच्या दृष्टीने त्यातले महत्त्वाचे एवढे आहे:

- वादनावरचा हक्क (कलम ३८ आणि ३८अ): आपल्या वादनाचे मुद्रण करणे, प्रती काढणे, ते लोकांपर्यंत पोहोचवणे आणि विकणे यावर वादकाचा स्वतंत्र हक्क असतो. तो प्रयोगाच्या पुढच्या कॅलेंडर वर्षाच्या सुरुवातीपासून ५० वर्षे टिकतो.
- नावाचा आणि प्रतिष्ठेचा हक्क (कलम ३८ब): वादक म्हणून आपली ओळख दिली जावी, असे तो मागू शकतो. प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी वादनाची मोडतोड तो रोखू शकतो. गाणे लहान करण्यासाठी केलेली साधी काटछाट मात्र यात मोडत नाही. हक्क विकल्यानंतरही हे दोन अधिकार वादकाकडे राहतात.
- चित्रफितीत संमती: कायद्याच्या दृष्टीने गाण्याचा व्हिडिओ चलचित्रपट या प्रकारात मोडतो. वादकाने लेखी संमती दिली की निर्मात्याने तो व्हिडिओ वापरण्यास तो सहसा हरकत घेऊ शकत नाही. पण व्यावसायिक वापराबद्दल मानधनाचा हक्क कायदा त्याच्यासाठी राखून ठेवतो.
- हस्तांतर लेखीच: हक्क कुणाकडे द्यायचे तर करार लेखी आणि सहीचा हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत. हक्क मिळालेल्याने ते एका वर्षात वापरले नाहीत तर, करारात वेगळे म्हटले नसल्यास, ते परत जातात.

शेवटच्या मुद्द्याचा फटका संचांना सर्वाधिक बसतो. तोंडी होकारावर केलेले गाणे दुबईत किंवा अमेरिकेत ऐकले जाते. त्या वापराला वादकाने परवानगी दिली होती की नाही, हे सिद्ध करायला मग संचाकडे काहीच नसते.

ध्वनिमुद्रणाचा मालक कोण, हा वेगळा प्रश्न. कायद्यानुसार ज्याने मुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली, तो निर्माता. त्याचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. संचाची नोंदणी झालेली नसेल, स्टुडिओचे पैसे एकाने भरले आणि तारीख दुसऱ्याने घेतली, तर निर्माता ठरवताना ओढाताण होते. ‘निर्माते: संचाचे पाच सदस्य, समान हिश्शाने’ एवढे एक वाक्य सह्यांसह लिहिले तरी पुष्कळ काम होते. फुकटात मुद्रण करून देणारा स्टुडिओ किंवा चॅनेल बदल्यात काय मागतो, हेही विचारून घ्यावे. कित्येकदा त्या फुकटात गाण्याची मालकीच गेलेली असते.

करारात काय लिहायचे

करार दोन पानांचा आणि मराठीत असला तरी चालतो. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून साध्या करारासाठी १०० ऐवजी ५०० रुपयांचा बाँड लागतो. तो तहसील परिसरातल्या मुद्रांक विक्रेत्याकडे मिळतो. कमी मुद्रांकावरचा करार कोर्टात दाखवताना आधी दंड भरावा लागतो. रक्कम मोठी असेल तर मुद्रांक किती लागेल हे वकिलाला विचारावे. प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या, शेवटी दोन साक्षीदार आणि दोघांकडे एकेक प्रत.

मजकुरात पुढील गोष्टी असाव्यात:

- गाण्यांची नावे आणि वादकाने प्रत्येक गाण्यात वाजवायचे वाद्य
- तालमीचे आणि स्टुडिओचे दिवस. दुरुस्तीसाठी पुन्हा यावे लागल्यास त्याचे वेगळे पैसे किती
- मानधन, इसार, उरलेली रक्कम कोणत्या दिवशी. प्रवास, मुक्काम आणि जेवण कुणाकडे
- वादनाचे कोणते हक्क संचाला, किती वर्षांसाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी (जगभर हवे असेल तर ‘जगभर’ असेच लिहावे)
- ध्वनी, व्हिडिओ, रील, जाहिरात यांपैकी कशासाठी संमती आहे
- नाव कसे आणि कुठे लागेल
- त्याने सुचवलेल्या रचनेचे काय
- काम अर्धवट राहिले तर आधी मुद्रित झालेला भाग वापरायचा की नाही

सर्वांत कमी वेळा लिहिला जाणारा मुद्दा शेवटचा आहे. लग्नसराईत मोठी सुपारी आली की बदली वादक तिकडे जातो. त्याचे पोट त्यावर असते आणि त्याला दोष देता येत नाही. अशा वेळी आठपैकी पाच गाण्यांवर त्याचे वादन असते. त्या पाच गाण्यांचे पैसे देऊन ती वापरायची, असे आधीच लिहिलेले असेल तर भांडण होत नाही.

वादक १८ वर्षांखालील असेल तर त्याने स्वतः केलेला करार भारतीय करार कायद्यानुसार ग्राह्य धरला जात नाही. अकरावी-बारावीतला ड्रमर घेताना आई-वडिलांना समोर बसवून त्यांची सही घ्यावी. शाळा-क्लासच्या वेळा सांभाळूनच तारखा घ्याव्यात.

बिदागी की वाटा

एकरकमी मानधन सर्वांत सोपे. काम संपले की हिशोब संपतो आणि गाणे चालले नाही तरी वादकाचे नुकसान होत नाही. गाणे फार चालले तर मात्र त्याला आपण फसलो असे वाटते. बीटल्सच्या ‘लव्ह मी डू’ची कथा अशीच आहे. ११ सप्टेंबर १९६२ च्या मुद्रणात ड्रम वाजवायला अँडी व्हाइट या स्टुडिओ वादकाला बोलावले होते. रिंगो स्टार त्या वेळी बाजूला खंजिरी वाजवत होता. पहिल्या एकल तबकडीवर रिंगोच्या ड्रमचे आधीचे मुद्रण आले, पण १९६३ च्या पहिल्या अल्बमवर व्हाइटचे. व्हाइटला त्या दिवसाचे ठरलेले मानधन मिळाले. पुढे ते गाणे जगभर गेले तरी त्यात त्याचा वाटा नव्हता.

हातात पैसा नसलेल्या संचांनी वाट्याचा मार्ग धरावा, पण वाटा कशातला ते स्पष्ट हवे: खर्च वजा करून उरलेल्या रकमेतला की एकूण उत्पन्नातला? समजा अल्बममधून ४१,५०० रुपये आले आणि स्टुडिओ, मिक्सिंग, प्रवास मिळून खर्च २५,००० झाला. उरले १६,५००. पाच सदस्यांना प्रत्येकी दोन आणि बदली वादकाला एक असे ११ भाग केले, तर एक भाग १,५०० रुपयांचा होतो. सदस्याला ३,००० आणि बदली वादकाला १,५०० मिळतात. हा केवळ नमुना आहे. भाग किती असावेत हे त्याने किती गाणी वाजवली यावर ठरवावे. वाटा किती वर्षे चालेल आणि हिशोब वर्षातून कितीदा दाखवायचा, हेही लिहावे.

थोडी बिदागी आणि थोडा वाटा ही मिश्र पद्धत बहुतेक लहान संचांना योग्य ठरते. कोणतीही पद्धत घेतली तरी पैसे यूपीआय किंवा बँकेतून द्यावेत आणि तपशिलात गाण्याचे नाव लिहावे. रोख दिले तर पावतीवर सही घ्यावी.

तालीम आणि स्टुडिओ

बदली वादकाची खरी परीक्षा तालमीत होते. त्याला आठवडाभर आधी तीन गोष्टी पाठवाव्यात: गाण्याचे फोनवर मुद्रित केलेले कच्चे रूप, गाण्याची लय मिनिटाला किती ठोक्यांची हे सांगणारा आकडा आणि पट्टी. गायक काळी चारमध्ये गातो की पांढरी दोनमध्ये, यावर ढोलकी कोणती आणायची ते ठरते. एकच ढोलकी सगळ्या पट्ट्यांना लावता येत नाही. आठ गाणी तीन पट्ट्यांत असतील तर तशी वाद्ये जमवावी लागतात आणि गाणी पट्टीनुसार एकत्र करून मुद्रित केल्यास वेळ वाचतो.

जुन्या वादकाची नक्कल करायला त्याला भाग पाडू नये. ज्या जागा गाण्याची ओळख आहेत त्या तशाच राहाव्यात: सुरुवातीचा तुकडा, मुखड्याआधीची उचल, शेवटची तिहाई. बाकी ठिकाणी त्याच्या हाताला मोकळीक द्यावी. पखवाजवादक शंकरबापू आपेगावकरांच्या अंबाजोगाई परिसराला हे वेगळे सांगायला नको की दोन वादकांचा एकच ताल कधीही एकसारखा वाजत नाही.

रंगमंचावर वाजवणाऱ्यांची स्टुडिओत एक हमखास अडचण होते. कार्यक्रमात लय गर्दीबरोबर चढत जाते. मुद्रणात हेडफोनमधल्या ठोक्याशी ती घट्ट बांधलेली असावी लागते. नव्या वादकाने घरी फोनवरच्या मेट्रोनोमबरोबर सराव केलेला असला तर स्टुडिओतले तास वाया जात नाहीत. तासावर भाडे घेणाऱ्या स्टुडिओत ही मोठी बचत आहे.

हलगी आणि ड्रमसेट एकाच खोलीत एकाच वेळी मुद्रित करू नयेत. हलगीचा आवाज ड्रमच्या प्रत्येक माईकमध्ये शिरतो आणि नंतर दोन्ही वेगळे करता येत नाहीत. हलगीचे कातडे शेकून ताणावे लागते. थंडीत किंवा वातानुकूलित खोलीत ते लवकर उतरते. शेकण्याची सोय इमारतीबाहेर करावी लागते आणि तसे स्टुडिओवाल्याला आधीच सांगावे.

मुद्रण झाल्यावर प्रत्येक वाद्याची सुटी फाइल मागून घ्यावी आणि दोन ठिकाणी ठेवावी. फाइलच्या नावात गाणे, वाद्य, वादक आणि तारीख असावी. पुढे मूळ वादक परत आला आणि त्याच्या हातून एखादे गाणे पुन्हा करायचे ठरले, तर या सुट्या फाइल असल्याशिवाय ते शक्य होत नाही. कोणत्या गाण्यात कुणी वाजवले याचा पुरावाही त्याच देतात.

नावे आणि छायाचित्रे

नाव गाण्यागणिक द्यावे. ‘ड्रम: अमुक (गाणे १ ते ५), तमुक (गाणे ६ ते ८)’ अशी नोंद यूट्यूबच्या वर्णनात, अल्बमच्या माहितीत आणि पोस्टरवर सारखीच हवी. गेलेल्या सदस्याचे वादन नसलेल्या गाण्यावर केवळ मैत्रीखातर त्याचे नाव लावू नये. रचनेत किंवा तालमीत त्याचा हात असेल तर त्या कामासाठी नाव द्यावे. व्हिडिओत एकाने वाजवल्याचा अभिनय केला आणि वाजवणारा दुसराच असेल, तर वादकाचे नाव शेवटच्या पाटीवर तरी असलेच पाहिजे.

ऑनलाइन प्रसिद्धीसाठी प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षरी-अंकी क्रमांक लागतो. मूळ वादकाकडून गाणे पुन्हा मुद्रित केले तर ते नवे मुद्रण ठरते आणि त्याला नवा क्रमांक घ्यावा लागतो. जुन्याच क्रमांकावर नवी फाइल चढवली की दोन वादकांचे हिशोब एकमेकांत मिसळतात.

चॅनेल, खाते आणि कंपनी

संचाचा चॅनेल एकाच सदस्याच्या खासगी ई-मेलवर असू नये. तो माणूस संच सोडतो तेव्हा चॅनेल, प्रेक्षक आणि उत्पन्न तिन्ही त्याच्याबरोबर जातात. किमान दोन सदस्यांना व्यवस्थापकाचा अधिकार असावा. बदली वादकाला तो देण्याची गरज नाही. संगीत कंपनीला अल्बम देताना ती सर्व वादकांच्या लेखी संमतीची हमी मागते. ती हमी संचप्रमुख सहीने देतो. बदली वादकाची सही नसेल तर जबाबदारी संचप्रमुखाच्या एकट्याच्या अंगावर येते.

रचना स्वतःची असेल तर कवी-संगीतकारांनी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सदस्यत्व घेण्याचा विचार करावा. जुन्या गाण्याची नवी आवृत्ती करायची असेल तर सहसा मूळ हक्कदाराची परवानगी वेगळी लागते. जयंतीत सगळेच गातात म्हणून ते गाणे मुद्रित करायला मोकळे होत नाही.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, पण वादात पुरावा म्हणून उपयोगी पडते. अर्ज ऑनलाइन करता येतो. सांगीतिक रचनेसाठी शुल्क ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये आहे. अर्जानंतर हरकतींसाठी किमान ३० दिवस थांबावे लागते.

मूळ सदस्य परत आल्यावर

कार्यक्रमात त्याने आपली जागा घ्यावी. मुद्रणावरचे बदली वादकाचे नाव मात्र तसेच राहते. बदली वादकाला हा बदल तोंडावर आणि वेळेवर सांगावा, सुपारी घेऊन झाल्यावर नव्हे. अजमावणीचा शब्द दिला असेल तर तो पाळावा किंवा स्पष्ट नकार द्यावा. महिनोन्‌महिने ताटकळत ठेवलेला चांगला वादक पुढच्या वर्षी फोन उचलत नाही, आणि बीडसारख्या जिल्ह्यात बेस किंवा ड्रम वाजवणारे मोजकेच असतात.

वाद झालाच तर

आधी समोरासमोर बसावे, दोघांनाही मान्य असलेला एखादा ज्येष्ठ कलावंत मधे घ्यावा आणि ठरले ते लिहून सह्या कराव्यात. यूट्यूबवर घाईने हक्कभंगाची तक्रार करू नये. गाणे उतरते, उत्पन्न थांबते आणि खोट्या तक्रारीचा दोष तक्रारदारावर येतो. तडजोड होत नसेल तर वकिलामार्फत नोटीस द्यावी. करार, संदेश, पैशांच्या नोंदी आणि सुट्या फाइल हेच त्या वेळचे पुरावे.

कॉपीराइटचा दावा जिल्हा न्यायालयापेक्षा खालच्या न्यायालयात चालत नाही, आणि वादी जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात तो दाखल करता येतो. म्हणजे केजच्या किंवा गेवराईच्या वादकाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर बीडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपेक्षा कमी असलेले अर्जदार यांना तिथे मोफत वकील मिळू शकतो. हक्कभंगाच्या नुकसानभरपाईचा दावा भंग झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो.